लाखो पाठभेदांचा विषाणू

दोस्तांनो, नेवाशाला गेला आहात का कधी? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेच्या काठचं गाव. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैस खांब तिथल्या मंदिरात आहे. साल होतं 1290. महाराज सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, असं परंपरा सांगते.

आता मला सांगा, सुमारे नऊ हजार ओव्यांची ती पोथी गावोगाव पोचली कशी? तेव्हा छापखाना नव्हता, झेरॉक्सचं दुकान तर नव्हतंच. कुणीतरी बोरू घेऊन बसायचं आणि समोरच्या पोथीवरून अक्षर न् अक्षर उतरवून काढायचं. त्या प्रतीवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. लिहिणारा कितीही भाविक असला तरी माणूसच! कुठे मात्रा राहून जायची, कुठे ‘घ’चा ‘ध’ व्हायचा, कुठे डुलकी लागली की अख्खी ओळ सुटायची. पुढचा माणूस ती चूकच खरी समजून उतरवायचा आणि वर स्वतःची एखादी भर घालायचा. अशा निरनिराळ्या प्रतींत एकाच जागी जे निरनिराळे शब्द सापडतात, त्यांना पाठभेद म्हणतात.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आज आपण ज्याची गोष्ट बघणार आहोत तोही असाच उतरवून उतरवून वाढतो. ज्ञानेश्वरी अमृतासारखी आणि हा तर रोग देणारा. साम्य आहे ते फक्त उतरवून काढण्यातलं. याचं नाव हिपॅटायटिस सीचा विषाणू. हा माणसाच्या यकृतात मुक्काम ठोकतो.

किती मोठा असेल? एक मिलिमीटर लांबीत असे पंधरा-वीस हजार विषाणू शेजारी शेजारी मावतील! एवढ्याशा गोळीच्या पोटात आरएनएचा एकच धागा असतो आणि त्या धाग्यावर त्याचा सगळा मजकूर लिहिलेला असतो. अक्षरं चारच, पण ती एकापुढे एक मांडून मजकूर होतो सुमारे 9,600 अक्षरांचा. पेशीत कसं घुसायचं, तिच्याकडून आपली प्रथिनं कशी बनवून घ्यायची, स्वतःच्या प्रती कशा काढायच्या, सगळं त्यात आलं.

प्रती काढण्याचं काम त्याचं एक प्रथिन करतं. त्याला म्हणतात पॉलिमरेज. हा विषाणूचा लेखनिक. भलता चपळ, पण त्याला एक खोड आहे: लिहिलेलं तो पुन्हा वाचून बघत नाही. तुमच्या-माझ्या पेशींमध्येही डीएनएच्या प्रती निघतात, पण तिथले लेखनिक लिहिता लिहिता मागे वळून तपासतात, चुकलेलं अक्षर खोडून बरोबर लिहितात आणि त्यांच्यामागून आणखी दुरुस्ती करणारे येतात. एवढ्या देखरेखीनंतर शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. विषाणूच्या लेखनिकाकडून मात्र दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे हरेक प्रतीत एक, नाहीतर फार तर दहा प्रतींमागे एक.

‘हे तर फार नाही,’ असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. मग घ्या वही. एका अक्षराच्या जागी चुकून उरलेल्या तिघांपैकी कुठलंही एक येऊ शकतं. 9,600 गुणिले 3. किती झाले? 28,800. एका अक्षराची चूक करायचे एवढे प्रकार. आता दुसरा आकडा बघा. 1998 साली अविदान न्यूमन, ॲलन पेरेल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी मोठी हुशारी केली. त्यांनी रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारं इंटरफेरॉन नावाचं औषध दिलं आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासून विषाणू किती झपाट्याने कमी होतात ते पाहिलं. रक्तातले निम्मे विषाणू तीन तासांच्या आतच नाहीसे होत होते. तरीही औषध नसताना त्यांची संख्या दिवसेंदिवस टिकून राहते. याचा अर्थ नवी भरती तेवढ्याच वेगाने होत असली पाहिजे. हिशेब निघाला: एका माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू! एकावर बारा शून्यं.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. चुकीचे प्रकार 28,800 आणि रोजच्या प्रती लाख कोटी. एका अक्षराची जी जी चूक होणं शक्य आहे, ती प्रत्येक चूक या माणसाच्या अंगात रोजच्या रोज होऊन जाते, आणि तीही लाखो वेळा. मला तर हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा किती तरी वेळ दुसरं काही सुचलंच नव्हतं.

पण सगळ्या चुका सारख्या नसतात. एक साधं वाक्य घेऊ या: ‘गाय चारा खाते.’ उतरवताना कुणी लिहिलं ‘गाय चारा खते’, तर वाक्याचा जीवच गेला. असे विषाणू जन्मतःच निकामी होतात, आणि त्यांची संख्या दांडगी असते. कुणी लिहिलं ‘गाय चारा खाती’, तर? आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर असंच तर बोलतात! अक्षर बदललं, अर्थ तोच राहिला. असेही पुष्कळ. आणि कुणी लिहिलं ‘गाय वारा खाते’, तर? वाक्य चोख आहे, पण अर्थ निराळा. खरी गंमत या तिसऱ्या जातीच्या चुकांची. तो विषाणू जगतो, वाढतो, पण दिसायला थोडा वेगळा असतो.

आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या विषाणूचं बाहेरचं रूप टिपून घेतात आणि त्याला नेमकी चिकटतील अशी प्रतिपिंडं बनवतात. या विषाणूच्या अंगावर ई-2 नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या टोकाशी 27 अमिनो आम्लांचा एक छोटासा तुकडा. अख्ख्या विषाणूत हा तुकडा सगळ्यात जास्त बदलतो. प्रतिपिंडं नेमकी इथेच नजर ठेवून असतात. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर विषाणूंच्या झुंडीत त्या तुकड्याचे कितीतरी पाठभेद हजर झालेले असतात. प्रतिपिंडं ओळखीच्या विषाणूंना धरतात, ते कमी होतात आणि न ओळखलेले मोकळ्या मैदानात वाढतात. मग त्यांच्यासाठी नवी प्रतिपिंडं, तोवर पुन्हा नवे पाठभेद. ही पाठशिवणी वर्षानुवर्षं चालू राहते.

विषाणूला डोकं नसतं हे लक्षात ठेवा हं. तो ठरवून वेष बदलत नाही. आधी चूक होते, निव्वळ चूक, आणि त्या चुकांमधली जी कामी येते ती टिकते. एका माणसात एकाच वेळी नांदणाऱ्या या भाऊबंदांच्या झुंडीला शास्त्रज्ञ क्वासिस्पीशीज म्हणतात. मूळ कल्पना मानफ्रेड आयगेन या जर्मन शास्त्रज्ञाची, 1970 च्या दशकातली. हिपॅटायटिस सीच्या एकाच रुग्णात अशी झुंड असते, हे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आलं.

काही माणसं मात्र औषधाशिवायच या झुंडीला पुरून उरतात. दहांपैकी साधारण तिघांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप हद्दपार होतो. बाकीच्यांत तो ठाण मांडतो. असं का? 2000 साली पात्रीत्सिया फार्ची या इटालियन संशोधिका आणि त्यांचे सहकारी यांनी लागणीच्या पहिल्या काही महिन्यांतलं रक्त घेऊन विषाणूचे पाठभेद मोजले. जे पुढे आपोआप बरे झाले त्यांच्यात पाठभेद कमी कमी होत गेले होते. ज्यांच्यात आजार मुरला त्यांच्यात ते वाढत गेले होते. शरीराने सुरुवातीलाच जोराचा घाव घातला तर झुंडीला फांद्या फुटायला सवडच मिळत नाही.

एवढं सगळं बदलतं, मग दवाखान्यात हा विषाणू ओळखतात तरी कसा? छान प्रश्न! मजकुराची सुरुवातीची साधारण 340 अक्षरं जवळजवळ बदलतच नाहीत. तो धागा तिथे दुमडून, वळसे घेऊन एक खास आकार घेतो. आपल्या पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र त्या आकारालाच येऊन जोडलं जातं. तिथलं एखादं मोक्याचं अक्षर चुकलं की आकार मोडला, आकार मोडला की यंत्र जोडलं जात नाही, आणि खेळ खलास. तिथे चुका होत नाहीत असं नाही. होतात, पण चुकणारा वंश पुढे चालत नाही. तपासणीचं यंत्र म्हणूनच ही सुरुवातीची अक्षरं शोधतं.

आता पुन्हा पोथीकडे वळू. प्रतींमध्ये इतके पाठभेद झाले, तर मूळ ज्ञानेश्वरी कोणती? हा प्रश्न पैठणच्या एकनाथ महाराजांना पडला. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. त्यांनी प्रतींमधले पाठ पारखले, चुका काढल्या आणि 1584 साली शुद्ध प्रत तयार केली. यापुढे कुणी यात आपल्या ओव्या घालू नयेत, अशी ताकीदही लिहून ठेवली.

आणि बघा, त्यानंतर चारशे वर्षांनी, दूर अमेरिकेत, चार्ल्स राइस या शास्त्रज्ञापुढे नेमका तोच पेच उभा राहिला. मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये हा विषाणू शोधून काढला होता. त्याआधी हार्वी आल्टर यांनी दाखवलं होतं, की रक्त दिल्यावर होणाऱ्या कितीतरी काविळी ना हिपॅटायटिस ए विषाणूच्या असतात ना हिपॅटायटिस बी विषाणूच्या. पण हाच विषाणू एकट्याने आजार घडवतो, हे पक्कं व्हायचं होतं. राइस यांच्या गटाने रुग्णाच्या रक्तातून विषाणूचा मजकूर काढला, प्रयोगशाळेत त्याचा आरएनए बनवला, चिंपांझीच्या यकृतात टोचला आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही.

का? तुम्हाला आता उत्तर येतंय ना? त्यांनी झुंडीतली जी सुटी प्रत उचलली, तिच्यातच घातक चुका होत्या. मग त्यांनी पुष्कळ प्रती शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक जागी बहुतेक प्रतींत कोणतं अक्षर आहे ते पाहिलं. तेच अक्षर घेत घेत एक शुद्ध प्रत रचली. धाग्याच्या शेपटाचा आधी हाती न लागलेला तुकडाही तोवर सापडला होता, तोही जोडला. 1997 साली या आरएनएमुळे चिंपांझीच्या रक्तात विषाणू दिसू लागला. 2020 चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक आल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना मिळालं.

चुका कधी कधी साक्षही देतात. पोथ्यांचे अभ्यासक, दोन प्रतींत तीच ती चूक दिसली की ओळखतात की या एकाच घरातल्या. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात एका भूल देणाऱ्या डॉक्टरमुळे बऱ्याच रुग्णांना हिपॅटायटिस सी झाल्याचा आरोप होता. कुणाला त्याच्यामुळे झाला आणि कुणाला दुसरीकडून, हे ठरवायचं कसं? शास्त्रज्ञांनी 322 रुग्णांच्या विषाणूंचा मजकूर वाचला आणि चुका जुळवत विषाणूंचा वंशवृक्ष मांडला. 275 जणांचा विषाणू त्या डॉक्टरच्या विषाणूच्या फांदीवर बसला. 47 जणांचा बसला नाही. 2007 साली न्यायालयाने त्या डॉक्टरला शिक्षा सुनावली.

हजारो वर्षांच्या अशा चुका साठत साठत या विषाणूची मोठमोठी घराणी झाली आहेत. आजवर आठ माहीत आहेत. दोन घराण्यांच्या मजकुरात शंभरांतली तीस अक्षरं वेगळी असू शकतात! भारतात तिसऱ्या घराण्याचा जोर आहे. आपल्या शेजारी पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, 1952 पासूनची. तिथल्या कविता लोले, विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी रक्तातला विषाणू कोणत्या घराण्याचा आणि पोटघराण्याचा हे ओळखण्याच्या पद्धती पारखल्या आणि भारतात कोणती कुठे आहेत ते पाहून 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. आठवं घराणं तर अगदी अलीकडचं, 2018 मधलं. ते सापडलं कॅनडात, चार रुग्णांमध्ये, आणि चौघंही मूळचे आपल्या पंजाबातले. शोधणारे घराण्याची ओळख पटवू बघत होते आणि मजकूर ठाऊक असलेल्या कुठल्याच घराण्याशी जुळेना!

हा विषाणू पसरतो रक्तातून. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने नाही. म्हणून घरात कुणाला असेल तर त्याचं ताट-पेला वेगळा ठेवायचं काहीएक कारण नाही, आणि कुणी ठेवत असेल तर त्यांना हे जरूर सांगा. धोका असतो तो दुसऱ्याला वापरलेल्या सुईचा, दाढीच्या पात्याचा, आणि जत्रेत एकाच सुईने सगळ्यांचे हात गोंदणाऱ्या यंत्राचा. हातावर नाव गोंदवून घ्यायची हौस असते, मला ठाऊक आहे, पण सुई नवी आहे का हे विचारायला लाजू नका. पूर्वी रक्त चढवतानाही हा विषाणू जायचा. 2001 पासून भारतात दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली. त्याआधी आजी-आजोबांपैकी कुणाला रक्त चढवलेलं असेल, तर त्यांनी एकदा तपासून घेतलेलं बरं. या आजारात डोळे पिवळे होतीलच असं नसतं. वीस-वीस वर्षं काही जाणवत नाही आणि आत यकृत मात्र कडक होत जातं. गावात कावीळ उतरवून देणारे असतात, पण त्यांच्या उपायाने या विषाणूचं एक अक्षरही हलत नाही.

त्याला हलवणारं औषध आता आहे, आणि ते थेट त्या घाईखोर लेखनिकावर नेम धरतं. सोफॉसबुविर त्याचं नाव. पेशीत गेल्यावर ते चार अक्षरांपैकी एकासारखं दिसायला लागतं. लेखनिक फसतो, ते अक्षर म्हणून धाग्याला जोडतो, आणि मग त्याच्यापुढे दुसरं अक्षर जोडताच येत नाही. प्रत अर्धवट राहते.

‘पण मग चूक होऊन असा एखादा लेखनिक तयार होणार नाही का, जो फसत नाही?’ होतो ना! रोज होतो. पण ज्या जागी तो अक्षरं पकडतो तिथेच त्याला बदल करावा लागतो, आणि तिथे बदल केला की त्याचा हातच मंदावतो. असा लंगडा विषाणू झुंडीत मागे पडतो. शिवाय डॉक्टर एकटं औषध देत नाहीत. जोडीला डाक्लाटासविरसारखं दुसरं देतात, ते विषाणूच्या निराळ्याच प्रथिनावर काम करतं. एका औषधातून निसटणारे पाठभेद झुंडीत आधीच असू शकतात, पण दोन्हींतून एकदम निसटायचं तर एकाच प्रतीत दोन्ही ठिकाणी सोयीच्या चुका झालेल्या हव्यात. तसं होणं फार दुर्मीळ.

28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि ही औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. यकृत फार बिघडलेलं नसेल तर 12 आठवडे, रोज गोळ्या. शंभरातले पंच्याण्णवहून अधिक लोक बरे होतात. बरे म्हणजे पुरते बरे. हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीचा विषाणू आपल्या मजकुराची डीएनएतली प्रत पेशीच्या केंद्रकात ठेवून देतो. या विषाणूकडे तशी ठेव नसते. त्याचा आरएनए सतत मोडत असतो आणि सतत नव्याने लिहिला जात असतो. लेखणी काही आठवडे थांबली की जुन्या प्रती विरून जातात आणि पुन्हा लिहायला मूळ पोथीच उरत नाही. गोळ्या संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी रक्त तपासतात. तेव्हाही ती सुरुवातीची अक्षरं सापडली नाहीत, की डॉक्टर रुग्णाला सांगतात, विषाणू गेला.

फक्त एक काळजी त्यालाही घ्यावी लागते. एकदा झाला म्हणून हा आजार पुन्हा होणार नाही, असं नसतं. शरीराने ओळखून ठेवले ते जुने पाठभेद. दुसऱ्या कुणाच्या रक्तातून येईल ती निराळी झुंड असेल. म्हणून बरा झालेला माणूसही इंजेक्शन घेताना नवी सुई पाकिटातून आपल्यासमोर काढायला सांगतो.